विज्ञानाचा जाहीर लिलाव

तमाम आप्तेष्ट, शेजारी, दूधवाले, पेपरवाले आणि जिन्यात उगाच गप्पा मारत उभे राहणारे सभ्य गृहस्थ, या सर्वांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या घरी यंदा दहावी आहे. तरी सर्वांनी आपापल्या चपला, खोकले आणि चौकशा खालीच ठेवून वर यावे. शक्यतो येऊच नये.

हे निवेदन मी नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात उभा राहून, डोळे अर्धवट मिटून, शोकसभेच्या आवाजात केलं होतं. दिवसा मी एका विमा कार्यालयात कागद पुढे सरकवतो, पण माझं खरं आयुष्य संध्याकाळी सुरू होतं. लग्नं, सत्कार, निरोप समारंभ, मंडळाचं बक्षीस वाटप. जिथे माईक असेल तिथे मी असतो. माईक नसला तरी माझं फारसं अडत नाही. त्यामुळे निवेदन थेट तळमजल्यापर्यंत पोहोचलं, दोन दारं उघडली, कुणीतरी हसलं, आणि बायकोने माझी बाही धरून मला आत ओढलं.

"झाली हौस? हे शेवटचं. आता मार्चपर्यंत तुमचा आवाज या घरात ऐकू यायला नको."

"अगं, पण मी राहतो या घरात."

"राहा ना. राहायला कोण नको म्हणतंय? बोलू नका."

दहावी होती माझ्या भाचीची. माझी बहीण विंचूरला दिलेली. तिचं घर कांदा मार्केटच्या भिंतीला भिंत लावून. सकाळ झाली की ट्रॅक्टरच्या रांगा, हॉर्न, हमालांच्या हाका आणि लिलावाचा पुकारा. माझे दाजी एका व्यापाऱ्याकडे खरेदीला असतात; म्हणजे पुकारा करणाऱ्याबरोबर रांगेतून फिरायचं, ट्रॉलीवर चढायचं, कांदा बघायचा आणि बोली लावायची. या कालव्यात पोरीचा अभ्यास होणार नाही, असं ठरवून त्यांनी तिला आठवीनंतर आमच्याकडे आणून सोडलं. "पाव्हणं, तुमच्याकडं कशी शांतता हे," असं ते मला म्हणाले, तेव्हा ते नक्की कुणाशी बोलताहेत हे बघायला मी मागे वळून पाहिलं होतं.

तर, ती शांतता आता माझ्या बायकोने प्रत्यक्षात आणली. टीव्हीचं केबल कनेक्शन गेलं. दाराच्या बेलवर चिकटपट्टी बसली. कुकर शिट्टी करतो म्हणून तो रोज सकाळी भरून शेजारच्या वहिनींच्या गॅसवर शिजायला जायचा आणि शांत होऊन परत यायचा. रविवारी मिसळ आणली तर शेव आधी रश्श्यात पूर्ण भिजवून मगच खायची, कारण मी शेव खाताना, बायकोच्या मते, कुणीतरी वाळलेल्या पानांवरून चालतंय असं वाटतं. मला शिंक आली तर मी बाथरूमकडे पळायचो. एका सत्काराची तयारी मी खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्कूटरला "सन्माननीय व्यासपीठ" म्हणत केली, तेव्हा वॉचमनने येऊन काळजीने विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक ना?"

"दहावी आहे," मी म्हणालो.

"अरेरे," तो म्हणाला.

आणि ज्या पोरीसाठी हा सगळा उद्योग, ती आतल्या खोलीत दार लावून बसलेली असायची. भिंतीवर रंगीत स्केचपेनने आखलेलं वेळापत्रक, टेबलावर हायलायटरची बरणी. बायको चालताना पैंजण काढून ठेवायची आणि दाराला कान लावून समाधानाने मान डोलवायची. आत इतकी शांतता होती की अभ्यास होत असणारच!

सहामाहीचा निकाल लागला. पोरगी विज्ञानाच्या दोन्ही पेपरांत नापास.

दाजींचा फोन आला. फोनच्या मागे मार्केट गर्जत होतं, आणि त्या गर्जनेवर ताण करून दाजी बोलत होते. "पाव्हणं, तिला अकरावीला सायन्स घ्यायचंय म्हणं, नाशिकातच. लय मोठी स्वप्नं हे. पण सहामाहीत ज्या विषयात नापास, तोच विषय घिऊन काय करायचं? पूर्वपरीक्षेत दोन्ही पेपरात चाळीसपैकी तीस-तीस पडले तर नाशिक. नाय पडले तर दहावीनंतर गाव. आर्ट्स घ्यावं, आईजवळ रहावं. माझा शब्द."

फोन स्पीकरवर होता. भाची उभी होती. ती रडली नाही, पण तिने हायलायटरचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

तिला सूक्ष्मजीव शिकायचे होते. का, तर कांदाचाळीत साठवलेला कांदा वरून चांगला दिसतो आणि आतून सडत जातो, तो का, हे लहानपणापासून तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. "औषध मार", "वारा लागू दे", "नशीब असतं एकेकाचं", एवढीच उत्तरं. तिला खरं उत्तर हवं होतं. इतकं साधं कारण असलेली महत्त्वाकांक्षा मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या सत्कार समारंभांत सगळ्यांना देशसेवा करायची असते.

बायकोने काय करावं? तिने शांतता वाढवली. आता फ्रिजचं दारसुद्धा दोन हातांनी लावायचं.

मग एका रविवारी दुपारी बायको भिशीला गेली. घरात मी आणि भाची. मी चहा घेऊन आत गेलो, चवड्यांवर चालत, एखाद्या चोरासारखा. पोरगी विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली होती, आणि पुस्तक वरपासून खालपर्यंत पिवळं होतं.

"हे काय गं? पुस्तकाला हळद लागली?"

"महत्त्वाचं तेवढं रंगवलंय, मामा."

"मग बिनमहत्त्वाचं कुठंय?"

तिने पान नीट न्याहाळलं. "पान नंबर," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं.

"येतं का पण हे सगळं?"

"वाचताना सगळं येतं. पुस्तक मिटलं की जातं."

आता माझी अवस्था समजून घ्या. कित्येक आठवडे तोंडाला कुलूप. घरात बायको नाही. समोर हसणारं माणूस, म्हणजे प्रेक्षक. आणि कोपऱ्यात स्टूल. मी चहा ठेवला, पुस्तक उचललं, स्टुलावर चढलो आणि छाती भरून आवाज सोडला.

"याऽऽ या या या! गाडी आली हो गाडी! प्रकरण उष्णता! पाण्याचे असंगत आचरण! ताजा, वाळलेला, एक नंबर प्रश्न! बोला, किती मार्क घेता?"

भाची आधी दचकली. मग दाराकडे बघितलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असं झालं, जे ती आमच्या घरी आल्यापासून मी बघितलं नव्हतं. खुर्ची मागे सरकवून ती ताडकन उभी राहिली.

"पाच!"

"पाच एक वार, पाच दोन वार, दिली! आता सांग उत्तर."

तिचा हात पुस्तकाकडे आला. मी पुस्तक डोक्यावर धरलं. स्टुलावरच्या माणसाच्या डोक्यावर, म्हणजे पंख्याजवळ.

"शून्य ते चार अंश," ती म्हणाली. "पाणी... तापवलं तर... म्हणजे उलटं होतं." थांबली. "मामा, दुसरा प्रश्न द्या ना."

आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नाही. बोली पक्की झाली की गाडी फिरवायची नाही. मार्केटचा नियम आहे."

ती खाली बसली. मला वाटलं, झालं, पोरीला नाराज केलं. पण ती विचार करत होती.

"मामा, पप्पा ट्रॉलीवर चढले की वरचा कांदा बघतच नाहीत. वर सगळे मोठे, लालभडक लावलेले असतात. पप्पा कोपरापर्यंत हात आत घालतात आणि मधला कांदा काढतात. मग बोली." तिने त्या पिवळ्या पुस्तकाकडे बोट केलं. "मी एवढे दिवस नुसती वरून बघत होते."

मी निवेदक माणूस. अशा वाक्यानंतर टाळ्या असतात. मी स्टुलावर उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या.

मग खेळाला रंग चढला. प्रश्न म्हणजे गाडी. आधी बोली: मला या प्रश्नात किती मार्क मिळतील? मग पुस्तक मिटून सगळं उत्तर बोलायचं, म्हणजे व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी पूर्ण खाली करायची. उत्तर बोलीपेक्षा कमी निघालं तर भाव पाडायचा. मधेच भाची म्हणाली, "मामा, तुम्हीपण लावा ना बोली." मी पानं उलटली आणि माझ्या जिव्हाळ्याचा विषय सापडला: वृद्धदृष्टिता. वाढत्या वयात जवळचं न दिसणं. मी म्हणालो, "याला माझे पाच. हा रोग मी स्वतः वापरतो."

"सांगा."

"वाढत्या वयात... जवळचं... दिसत नाही."

"का?"

"वय वाढतं म्हणून."

"मामा, चष्मा नाकावर आहे, उत्तर कुठं आहे?"

माझी गाडी अर्ध्या मार्काला गेली. तीसुद्धा दयेपोटी. भाची पोट धरून हसत होती. त्या हसण्यात आम्हाला लॅचची चावी फिरलेली ऐकू आली नाही.

बायको दारात उभी. खांद्याला पर्स, एका हातात भिशीतून आलेला चिवडा.

"पार खालच्या गेटपर्यंत ऐकू येतंय," ती म्हणाली. आवाज कुजबुजता होता, आणि माझी बायको कुजबुजली की मला घाम फुटतो. "पोरीचं वर्ष आहे. काही लाज?"

मी स्टुलावरून उतरू लागलो. उतरताना माणसाची प्रतिष्ठा राहत नाही.

"मामी, थांबा," भाची म्हणाली. "निकटदृष्टितेची पाच मार्कांची गाडी उभी आहे. बोली पक्की झालीये."

"उभी राहू दे तुझी गाडी!"

पण पोरगी सुरू झालीच होती. डोळे मिटून, हात हलवत. जवळचं दिसतं, दूरचं अस्पष्ट. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. नेत्रगोल लांबट झालेला किंवा भिंगाची वक्रता वाढलेली. उपाय म्हणून अंतर्वक्र भिंगाचा चष्मा. एकदाही अडखळली नाही.

बायकोची पर्स खांद्यावरून हळूहळू कोपरापर्यंत घसरली. ती आत आली. माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पानावर बोट ठेवलं आणि एकेक ओळ तपासली. चिवडा माझ्याकडे दिला.

"अंतर्वक्र म्हणालीस, पण अंतर्वक्रच का, ते कुठं सांगितलंस? आणि आकृती? पाच कसले? साडेतीन."

"मामी! चार तरी!"

"साडेतीन. पाहिजे तर दे, नाहीतर गाडी घेऊन जा."

मी चिवडा तोंडात टाकला. शेवेसकट. मोठ्याने. कुणी काही बोललं नाही.

त्या दिवसानंतर या घरात माझी सत्ता संपली, ती आजतागायत. जी बाई पैंजण काढून चालायची, ती विज्ञानाची सगळ्यात कडक व्यापारी निघाली. तिच्यापुढे एक मार्क जास्त मागणं म्हणजे दगडातून तेल काढणं. नियमही तिनेच पक्के केले. जी गाडी आज पडली, ती उद्याच्या लिलावात पहिली उभी राहणार. उद्याही पडली तर परवा. आणि, "नुसतं बोलून काय होतंय? पेपरात तोंड नसतं." म्हणून बोलून झालेलं प्रत्येक उत्तर लगेच, घड्याळ लावून, लिहायचंही. हायलायटरची बरणी गॅलरीत गेली. त्यात बायकोने मनी प्लांट लावला.

पहिल्या पहिल्यांदा भाची पाचची बोली लावायची आणि उत्तर दोनाचं निघायचं. नंतर ती बोली लावण्याआधी क्षणभर गप्प राहू लागली. हात आत घालून बघत असायची. "तीन," म्हणायची, आणि बरोबर तीनच निघायचे. आपल्याला काय येत नाही, हे तिला पुस्तक न उघडता कळू लागलं होतं. मला विचाराल तर अर्धा अभ्यास तिथेच झाला.

कुकर घरी परत आला. शेजारच्या वहिनींनी जिन्यात विचारलं, "एवढा आवाज? संपली वाटतं दहावी?"

बायको म्हणाली, "छे हो, आत्ता सुरू झाली."

एकच धास्ती होती. दाजींना यातलं काही माहीत नव्हतं. मार्केटच्या कालव्यातून पोरगी बाहेर काढायला त्यांनी तिला आमच्याकडे ठेवलं, आणि आम्ही मार्केटच घरात आणलं होतं.

पूर्वपरीक्षेच्या आधीच्या रविवारी लिलाव ऐन भरात होता. बायको स्टुलावर, हातात उलथनं. मी हमाल. भाची रिंगणात. "बोला लवकर, गाड्या खोळंबल्यात!" बायको ओरडत होती. चिकटपट्टी लावलेली बेल अर्थातच वाजली नाही, आणि दार लोटलेलंच होतं. दारात दाजी उभे होते, खांद्यावर कांद्याची गोणी.

बायको उलथन्यासकट स्टुलावर तशीच राहिली.

दाजींनी गोणी खाली ठेवली. "शांतता हे म्हणून पोर ठेवली हुती हितं," ते म्हणाले. "चार दिवसांवर परीक्षा आली, अन् हितं तमाशा चाललाय?"

"दाजी, त्याचं असं आहे..." मी निवेदनाला सुरुवात केली.

"तुम्ही गप ऱ्हा, पाव्हणं. तुमचं मला म्हाईत हे." मग भाचीकडे वळून, "बॅग भर. घरी बसून कर अभ्यास, मी बघतो."

भाचीने बॅग भरली नाही. तिने टेबलावरचं पुस्तक उचललं आणि बापाच्या हातात दिलं.

"पप्पा, हात घालून बघा."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. एखादा ओळखीचा शेतकरी माल चोख आहे असं छातीवर हात ठेवून सांगतो तेव्हा बघत असतील तसं. मग ते सोफ्यावर बसले, चष्मा लावला, पुस्तकाची पहिली पानं सोडून दिली, शेवटची सोडली आणि मधोमध अंगठा घातला.

"हे. पाणी. असं... असंगत."

"पाच," भाची म्हणाली.

तीच गाडी, जी पहिल्या दिवशी पडली होती. मी डोळे मिटले.

तिने सांगायला सुरुवात केली. दाजींना पुस्तकातलं फारसं कळत नव्हतं, पण त्यांना खोदायची सवय होती. प्रत्येक वाक्याला ते "का?" विचारायचे. थंड मुलखात तळ्यावर बर्फ होतो, पण मासे जगतात. "बर्फ झाल्यावर मासं मरत कसं नाय?" कारण चार अंशाचं पाणी सगळ्यात जड, ते खाली जातं. "बरं, मग?" त्याहून थंड पाणी हलकं, ते वर राहतं, तेच गोठतं. "अन् मग वरची थंडी खाली जात नाय का?" इथे ती थांबली. बायकोने उलथनं घट्ट धरलं. "बर्फातून उष्णता सहज जात नाही," भाची हळू आवाजात म्हणाली. "बर्फच पांघरूण होतो. म्हणून खालचं पाणी चार अंशावर राहतं."

दाजींनी पुस्तक मिटलं.

"म्हंजे वर एक, अन् आत दुसरंच," ते म्हणाले.

"हो, पप्पा."

"लय चांगलं." उठले, गोणी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. जाताना म्हणाले, "पेपर हू द्या. शब्द तोच हे. तीस-तीस."

पूर्वपरीक्षेचा निकाल शाळेने पालकसभेत दिला. वर्गात आम्ही मोठी माणसं मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसलो होतो, आणि खोलीत देवळापेक्षा जास्त शांतता होती. प्रत्येक जण आपापलं नाव कधी पुकारतात याची वाट बघत होता. आमची पाळी आली. बाईंनी पेपर दाजींच्या हातात दिले.

"भाग एक, चौतीस. भाग दोन, छत्तीस," त्या म्हणाल्या. "मला खरं वाटेना, म्हणून मी दोनदा बेरीज केली. कुठला क्लास लावला हो हिला?"

माझा हात आपोआप न दिसणाऱ्या माईककडे गेला. बायकोने बाकाखालून चिमटा काढला.

दाजींनी पेपर उघडले. पहिलं पान सोडलं, मधलं काढलं. तिथली आकृती बघितली, बाजूचे मार्क बघितले. मग दुसरं पान. त्यांची मान ताठ होत गेली, मिशी हलू लागली. माणूस असा अभिमानाने फुगताना मी फक्त लग्नाच्या मांडवात पाहिला आहे. भाची ओठ दाबून उभी होती. जिंकली होती ती!

आणि तिथेच घोटाळा झाला. अभिमान अनावर झाला की माणसाचा हिशोब फिरतो. दाजी बाईंना म्हणाले, "मग तर मी हिला घरीच घिऊन जातो. सायन्स आमच्याकडं बी हे की, निफाडला. एवढी हुशार पोर लोकांच्या घरी कशाला ठिवायची?"

भाचीचा चेहरा उतरला. तिला सायन्स मिळत होतं, पण तो लिलाव, ती खोली, तिची मामी, सगळं जात होतं. तिने बापाला विरोध केला नसता. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात प्रथमच मला शब्द सापडेना.

ती आज आमच्याच घरात राहून अकरावी सायन्स करते आहे. लिलावात हल्ली खालच्या मजल्यावरची दोन पोरंही येतात, आणि बेलवरची चिकटपट्टी निघाली आहे. पण हे सगळं घडलं ते त्या वर्गातल्या एका वाक्यामुळे. एवढ्याशा बाकातून बायको धडपडत उभी राहिली. जिने माझी शिंकसुद्धा बाथरूममध्ये कोंडली होती, तीच ही बाई. दाजींना ती भाऊजी म्हणते, आणि त्यांच्यासमोर आवाज चढवणं तिला लग्नापासून माहीत नाही. पण त्या दिवशी अख्खा वर्ग, बाहेरचा व्हरांडा आणि बहुतेक पार सायकल स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा पुकाऱ्याच्या आवाजात ती ओरडली:

"भाऊजी, बोली पक्की झालीये! आता गाडी फिरवायची नाही!"